न्यूयॉर्कमधलं ‘क्लाइनडॉइचलांड’ (‘छोटं जर्मनी’), म्हणजे मॅनहॅटनमधली जर्मन स्थलांतरितांची वस्ती, नामशेष झालं. आता त्याचा वारसा जपायचा तरी कसा?

वस्ती गेली, तरी भिंती अजून बोलतात. सेकंड अव्हेन्यूवरच्या ओटेनडॉर्फर ग्रंथालयाच्या (1884) दर्शनी भागावर जर्मन अक्षरं आजही कोरलेली आहेत. सेंट मार्क्स प्लेसवर जर्मन नेमबाजांच्या मंडळाची इमारत आहे. ग्रंथालयाला वारसा-वास्तूचा दर्जा आहे, म्हणून ते सहजासहजी पाडता येत नाही. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी.

पण खरी कसोटी माणसांच्या आठवणींची. 15 जून 1904 ला वस्तीतल्या जर्मन सेंट मार्क्स चर्चच्या सहलीला निघालेली ‘जनरल स्लोकम’ बोट ईस्ट नदीत पेटली. हजारावर जीव गेले, बहुतेक बायका आणि मुलं. लोक आधीपासूनच मॅनहॅटनच्या उत्तरेकडच्या यॉर्कव्हिल भागाकडे सरकत होते. या दुःखानंतर उरलेल्यांपैकीही बरेच निघाले. पुढे त्या चर्चचं सिनेगॉग झालं. जुन्या वस्तीतल्या टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेतलं 1906 चं छोटं कारंजं तेवढं त्या मुलांची आठवण सांगतं, आणि कितीतरी लोक न थांबता पुढे जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून चर्चच्या नोंदवह्या, पत्रं, जर्मन वर्तमानपत्रं स्कॅन करा. मात्र जुनं वळणदार जर्मन हस्ताक्षर वाचणारे आता थोडेच आहेत. ते शिकणारी माणसं आधी तयार करा.