एवढ्याशा नऊवारीचे १८०० रुपये?

प्रश्न: मुलीच्या बार्बीला नऊवारी शिवून घ्यायची आहे. कॉलेज रोडला एकीने १८०० रुपये सांगितले. एवढ्याशा कपड्याचे एवढे? नाशिकमध्ये स्वस्तात कोण करून देईल?

उत्तर:

१८०० जास्त नाहीत.

खरं तर एवढं लिहून थांबणार होते, पण तुमचा तो ‘एवढ्याशा’ शब्द वाचला आणि राहवलं नाही. मी पंचवटीत देवाची वस्त्रं शिवते. बाळकृष्णाचे अंगरखे, गौरीचे पोलके, असलंच सगळं. त्यामुळे ‘एवढ्याशाचे एवढे?’ हे गिऱ्हाईक रोजच म्हणतं, त्याचं काही वाटत नाही. पण घरात थोरल्या जाऊबाई गेली सहा वर्षं तेच म्हणताहेत, ते मात्र लागतं.

आधी हिशेब. बार्बी साडेअकरा इंच, म्हणजे २९ सेंटिमीटर. माणसाच्या सहावा हिस्सा. नऊवारी सव्वाआठ मीटरची धरली तर बाहुलीला १३७ सेंटिमीटर लांब आणि वीसेक सेंटिमीटर पन्ह्याची पट्टी पुरते. कापड कमी लागतं, कबूल. पण कापडाची जाडी कोण सहाने भागणार? रेशीम तेच, जर तीच. बाईच्या पोटावर निऱ्या सपाट बसतात. त्याच बाहुलीच्या कमरेला खोचल्या की ती थेट सातव्या महिन्यातली दिसते. बार्बीची कंबर मुळात इतकी बारीक ठेवली त्याचं एक कारण हेच सांगतात, कापडाचे थर आले तरी कंबर दिसावी म्हणून. पण ती १९५९ साली अमेरिकेत आली, काष्ट्याचा विचार कोण करतंय! वणीच्या देवीला अकरा वार साडी आणि चोळीला तीन खण लागतात. मला कुणी विचारलं की देवीची चोळी शिवतेस का बार्बीची, तर मी डोळे मिटून देवीची घेईन.

आता जाऊबाईंचं सांगते. त्यांची मुलगी, माझी पुतणी, दातांची डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, काकू, रुखवत तू कर, पण ते सुपारीचे भटजी आणि लोकरीचा ससा नको. लहानपणीची तिची बार्बी माळ्यावर होती. केसांचा गुंता झालेला, एका पायाला कुत्र्याने चावलेलं. म्हटलं, हिलाच नवरी करू.

पैठणी आली ती सासूबाईंच्या ट्रंकेतून. त्यांचं माहेर येवल्याचं, लग्नातली हातमागाची पैठणी होती, जांभळी. पण इतकी वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं. उघडली की प्रत्येक घडीला फाटत होती. नेसण्यातून ती केव्हाच गेली होती. जाऊबाईंनी ती सराफ बाजारात दाखवून आणलेली, जर जाळून चांदी किती निघेल ते विचारून. मी पुतणीला विचारलं, ती हो म्हणाली, आणि मी कात्री लावली.

‘सासूबाईंची पैठणी कापलीस.’ हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक गौरीला ऐकलंय. जाळलेली चालत होती, कापलेली चालत नाही! असो.

जुनी हातमागाची पैठणी बाहुलीला का बरी, तर तिची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. यंत्रमागाच्या सेमी पैठणीच्या मागे सुटे धागे लोंबतात, त्याने जाडी दुप्पट होते आणि बाहुलीच्या बोटात अडकून ओढली जाते. काठ मात्र जसाच्या तसा घेता येत नाही. चार बोटांचा काठ लावला तर तो बाहुलीच्या गुडघ्याच्या वर जातो. मी काठाचा आतला बोटभर पट्टाच घेतला. पदरावर बांगडी मोर, म्हणजे गोलातले मोर होते. एका मोरातच बाहुलीची अख्खी पाठ भरली. लहान करायचा म्हणजे मोराचं मुंडकं उडवायचं, तेव्हा एकच मोर तसाच राहू दिला आणि खरं सांगायचं तर रुखवतात सगळ्यात जास्त फोटो त्या पाठीचेच निघाले.

नऊवारी नेसवलेली नाही, शिवलेली आहे. आत मलमलचा पायजमा, त्यावर काष्टा टाचलेला. पहिल्यांदा तीन थर घेतले, पाय जुळेनात. उसवलं. दोन घेतले, मागून फुगा आला. उसवलं. शेवटी मधला थर कापूनच टाकला, वरून दिसतो तेवढाच काष्टा. निऱ्या अर्ध्या सेंटिमीटरच्या, ओला रुमाल ठेवून इस्त्री, मग रात्रभर थर्माकोलवर टाचण्या टोचून ठेवायच्या. कमरेला हूक, तेसुद्धा चिमट्याने धरून लावलेले. नऊ संध्याकाळी गेल्या. बार्बीच्या टाचा कायम उचललेल्या, तिला कोल्हापुरी बसत नाही, म्हणून पाटाला तार ठोकून उभी केली. जाऊबाई रोज येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, ‘अजून एवढंसंच?’

त्यांचं म्हणणं, हा बाहुल्यांचा खेळ. पण १९४५ च्या मार्चमध्ये, महायुद्ध संपलंही नव्हतं आणि कापड मिळायची मारामार, तेव्हा पॅरिसच्या नामांकित शिंप्यांनी, अगदी बालेन्सियागा आणि नीना रिचीसारख्यांनी, तारेच्या दोनशेवर बाहुल्यांना कपडे चढवून प्रदर्शन मांडलं होतं. बटणं खरी उघडणारी, पर्सही खऱ्यासारख्या. मोठ्या बाईला पुरेल इतकं कापड नव्हतं, म्हणून लहान बाई केली. त्या बाहुल्या आज अमेरिकेत मेरीहिलच्या संग्रहालयात आहेत. हे मी जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, त्यांना उद्योग नव्हता. आणि त्या पॅरिसच्या बाहुल्या सत्तर सेंटिमीटरच्या होत्या हो, बार्बीच्या जवळजवळ अडीचपट. त्यांना निम्मं सोपं गेलं असेल.

पण खरी ठिणगी पडली ती रुखवतातल्या सप्तपदीच्या मांडणीवरून. दातांच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मुलांना मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. पुतणीचा हात त्यात चांगला. तिनेच मला सांगितलं, काकू, जबड्याच्या एका बाजूला वरचे दात मोज, अक्कलदाढ सोडून बरोबर सात भरतात. दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, दोन दाढा. सात पावलं, सात दात! अक्कलदाढ वगळली ते बरंच झालं, लग्नात तिचं काय काम. मेणात कोरलेला पहिला संच गाडीत राहिला आणि मे महिन्याच्या उन्हात मऊ पडून बसला, सगळ्या दाढा चपात्या. मग पुन्हा कोरून, त्यांचे साचे घेऊन, कवळीला वापरतात त्या कडक प्लास्टरमध्ये ओतले. प्रत्येक दातावर हळदकुंकवाचं बोट, आणि पैठणीतली नवरी पहिल्या पटाशीवर पाऊल टाकतेय अशी मांडणी.

जाऊबाई मांडवात बघून म्हणाल्या, ‘दात दाखवून अवलक्षण!’ व्याह्यांसमोर.

त्यांच्याच हातात लग्नपत्रिका होती. वर एकदंत. म्हटलं, वहिनी, देवाचा मोडलेला दात छापलेला चालतो, सुनेची कोरलेली दाढ चालत नाही? व्हिक्टोरिया राणीने तर १८४७ साली पोरीचा काढलेला दुधाचा दात सोन्याच्या ब्रोचमध्ये बसवून घेतला होता. आपण तो कौलावर फेकतो, तिने छातीवर लावला. (हे नंतर वाचलं. त्या दिवशी सुचलं असतं तर किती बरं झालं असतं.) व्याही हसले, नवरामुलगा खाली बसून दाढा मोजायला लागला आणि विषय तिथे संपला. जाऊबाईंपुरता संपलेला नाही.

तर तुमचे १८००. तुम्हाला कपड्याचा आकार दिसतो, शिवणारीला तास दिसतात. पुतणी दाढेवर टोपी बसवते, ती वाटाण्याएवढी असते. तिथे कोणी म्हणतं का, एवढीशी आहे, अर्ध्यात द्या? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमच्या घरात भरतंय, पण ते कोरणाऱ्याने योग्य पैसे घेतले म्हणून.

हे मात्र बघून घ्या, कारण १८०० घेऊनही फसवणाऱ्या आहेत. साडी उलटी करून आतली बाजू बघा. सुटे धागे लोंबत असतील, मागे वेल्क्रो चिकटवलेलं असेल, तर सातशेही देऊ नका. वेल्क्रोने रेशीम उसवतं आणि बाहुलीचे केस ओढले जातात. आत पांढरं अस्तर हवंच. ही चूक माझीही झाली आहे. पुतणीच्या बार्बीला मरून रंगाचं पोलकं अस्तराशिवाय घातलं आणि वर्षभराने काढलं तर दंडावर लाल डाग. साबणाने घासलं, गेला नाही. जाऊबाईंना अजून माहीत नाही.

आणि मुलगी पाच-सहा वर्षांची असेल, बाहुलीला आंघोळ घालत असेल, तर हे सगळं विसरा. मेनरोडला गुढीची तयार छोटी साडी मिळते, ती कापून दोन टाके घाला, तिला तेवढं पुरे. मंदिरांच्या बाजूला देवाची वस्त्रं शिवणाऱ्या आहेत, त्यांच्याकडे विचारा, बाहुली सोबत न्या, नुसतं माप सांगू नका. गौरी-गणपतीच्या आधी महिनाभर कोणी हातात घेणार नाही, मीसुद्धा नाही. घरातली जुनी पैठणी देणार असाल तर आधी घरात सगळ्यांना विचारा. सगळ्यांना म्हणजे जावांनासुद्धा.