तिसरा ‘च’

“मॅडम, एक डॉक्टर म्हणतात आरएफए करू, दुसरे म्हणतात मायक्रोवेव्ह. कुणाचं ऐकायचं?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की आता येणाऱ्याच्या हातातल्या दोन फायली बघूनच मला तो ऐकू येतो. मी डॉक्टर नाही. यकृताच्या गाठींच्या ओपीडीला लागून माझी समुपदेशनाची खोली आहे, एवढंच. या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर डॉक्टर दहा मिनिटांत देतात. माझ्याकडे लोक येतात ते उत्तर दोनतीनदा ऐकून झाल्यावर.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन्हींत पोटाची चिरफाड न करता बारीक सुई थेट गाठीत नेतात आणि गाठ आतल्या आत जाळतात. आरएफए म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी. त्यात सुईतून वीजप्रवाह सोडतात, म्हणून मांड्यांवर पट्ट्या चिकटवाव्या लागतात. मायक्रोवेव्हमध्ये पेशींतल्या पाण्याचे कण घुसळून उष्णता तयार होते. तिथे पट्ट्या नाहीत, आणि उष्णता लवकर व जास्त चढते. ६० अंशांच्या वर पेशी काही क्षणांत मरतात. ती उष्णता कोणत्या यंत्रातून आली, हे पेशी विचारत नाहीत.

गेल्या वर्षी एक मुलगा आला. मुलगा म्हणजे छत्तिशीचा, पुण्यात आयटीत नोकरीला. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) त्याचे वडील, त्यांना अण्णा म्हणू, पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळांवर चाळीस वर्षं गुळव्या होते. कावीळ ‘बी’मुळे यकृत निबर झालेलं, त्यात अडीच सेंटीमीटरची गाठ. अण्णा बाहेर बाकावर, मुलगा आत लॅपटॉप उघडून. १४ रकान्यांचा तक्ता, आरएफए निळ्यात, मायक्रोवेव्ह हिरव्यात.

“हे बघा, २०१८ चा अभ्यास, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधला. दोन वर्षांत त्याच जागी गाठ पुन्हा वाढली, आरएफएत शंभरात १२, मायक्रोवेव्हमध्ये ६. दुप्पट! आणि पहिले डॉक्टर आरएफए सांगतात.”

“त्या अभ्यासाचा निष्कर्ष काय होता?”

तो थोडा थांबला. “फरक सिद्ध झाला नाही, असं.”

“मग रात्री कितीपर्यंत जागता?”

“तीन.”

मी तक्त्याशी वाद घातला नाही. नव्या समुपदेशकांना माझं हेच सांगणं असतं. तक्ता खोडायला गेलात की समोरचा पंधरावा रकाना करून आणतो. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं काम करणारी. ‘असंच व्हायला हवं’ हा हट्ट माणसाला छळतो, असं तो म्हणायचा. त्यामुळे माझं लक्ष माणूस काय म्हणतो यापेक्षा कोणत्या शब्दावर जोर देतो याकडे जास्त असतं. मराठीत तर हे काम भाषेनंच सोपं करून ठेवलंय. आपला सगळा हट्ट एका अक्षरात मावतो.

दुसऱ्या भेटीत तो बोलत असताना मी त्याची वाक्यं जशीच्या तशी कागदावर उतरवली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. ‘अण्णांना बेस्टच ट्रीटमेंट मिळायला हवी. माझा निर्णय बरोबरच निघायला हवा. नाहीतर मी स्वतःला माफ करूच शकणार नाही.’

“यातले ‘च’ खोडून वाचता येतंय का बघा.”

पहिला त्याने लगेच खोडला, किंचित हसूनसुद्धा. दुसऱ्याला जरा वेळ लागला. तिसऱ्यावर पेन टेकवला आणि तो तसाच बसून राहिला. बाहेर नंबर पुकारत होते. दीड-दोन मिनिटं गेली असतील. अशा वेळी मध्येच न बोलणं हे मला जमायला पंधरा वर्षं लागली.

“हा नाही जात, मॅडम.”

“कशाला धरून बसलाय तो?”

मग आलं. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी अण्णांचं रक्त तपासलं, तेव्हाच कावीळ ‘बी’ निघाली होती. यकृताच्या डॉक्टरांना दाखवा, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, असं सांगितलं होतं. त्याच महिन्यात याला मुलगा झाला. फाइल कपाटात गेली ती गेलीच.

आरएफए की मायक्रोवेव्ह हे त्याचं दुखणं नव्हतंच. सहा वर्षांपूर्वीची चूक तो या निवडीतून फेडायला बघत होता. आणि कुठलंही यंत्र निवडलं तरी ती फिटणार नव्हती, म्हणून तक्ता संपत नव्हता. भीतीला तुलना करता येईल अशी वस्तू मिळाली की ती तिथेच मुक्काम ठोकते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. पण इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

“चूक झाली,” मी म्हटलं. नाही झाली असं खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. “तिची जी बाजू अजून हातात आहे ती बघू. तुमची स्वतःची कावीळ ‘बी’ची तपासणी झालीय?”

तो माझ्याकडे बघत राहिला. १४ रकान्यांत ती कुठेच नव्हती.

त्यानंतरच्या भेटीला अण्णांना आत बोलावलं. ते मुलाकडे न बघता म्हणाले, “बाई, नातू माज्या ताटात जेवायचा. ह्यो आजार कळल्यापास्नं मी ताट येगळं केलंय.” मुलाला वाटत होतं अण्णांची जेवणावरची वासना उडाली. मी सांगितलं, एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने हा विषाणू पसरत नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे हवेत. “ब्लेड येगळंच हाय,” अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदा नीट टेकून बसले.

मग डॉक्टरांकडे तिघे गेलो. विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून दिले होते, तेच इथे सांगते. गाठ ३ सेंटीमीटरच्या आत आहे का? शेजारी काय आहे, मोठी शीर, पित्तनलिका, पित्ताशय, आतडं? हे काम करणारा हात कोणत्या यंत्रावर बसलेला आहे? थोडी गाठ उरली तर पुन्हा करता येईल का? रुग्णाला पेसमेकर असेल तर ते आधी सांगायचं, आरएफएच्या विजेशी त्याचा संबंध येतो. ‘दोन्हींत चांगलं कोणतं’ हा प्रश्न त्यात नव्हता. ‘या गाठीला, या जागी, तुमच्या हातून काय’ असं विचारलं की डॉक्टरही मोकळं बोलतात.

डॉक्टर म्हणाले, “गाठ मोठ्या शिरेला लागून आहे. वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, आरएफएत ती कड कच्ची राहू शकते. म्हणून मी मायक्रोवेव्ह घेईन. पण पहिले डॉक्टर चुकीचं नाही सांगत, त्यांचा हात त्यावर बसलाय. गाठ मुख्य पित्तनलिकेजवळ असती तर मी दोन्हींना कचरलो असतो.”

“मंजी गाठीच्या भवतीनं बी जाळायचं?” अण्णांनी विचारलं.

“हो. चारी बाजूंनी निदान ५ मिलिमीटर, जमलं तर १०.”

अण्णा मुलाकडे वळले. “नुस्तं जाळाकडं बघून गूळ हुत न्हाई रं. काहिलीत बघाय लागतंय.”

लॅपटॉप त्या दिवशी पिशवीतून निघाला नाही.

मायक्रोवेव्ह झालं. नंतर दोनतीन दिवस कणकण आणि थोडा ताप आला. तसं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं असल्याने रात्री कुणी धावपळ केली नाही. महिन्याने सीटी स्कॅन झाला, त्यात गाठ पूर्ण जळाल्याचं दिसलं. आता तीन महिन्यांनी पुन्हा बघायचंय. नवी गाठ दुसरीकडे येऊ शकते, कारण यकृत तेच आहे. ते मुलाला माहीत आहे, आणि तरीही तो झोपतो.

स्कॅनच्या दिवशी तो माझ्या दारात येऊन गेला. त्याची आणि बायकोची तपासणी निगेटिव्ह आली होती, दोघांनी लसीचा पहिला डोस घेतला होता. नातवाला जन्मतःच लस दिलेली, तिचं कार्ड आईच्या पर्समध्येच सापडलं. तक्त्यात नवं पान होतं: घरातल्या प्रत्येकाचं नाव, तपासणी, पुढच्या डोसची तारीख, अण्णांची सहामाही सोनोग्राफी. निळ्या-हिरव्याचं जुनं पान त्याने खोडलं नव्हतं. ते मागे गेलं होतं.