सराउंडमध्ये राउंड नाही

प्रश्न ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून आला आहे. तिथल्या क्लबहाऊसमध्ये पाच स्पीकर आणि खोल आवाजासाठी एक सबवूफर बसवून 'सराउंड साउंड'ची, म्हणजे चोहीकडून ध्वनी येणारी, सिनेमा पाहायची खोली तयार केली आहे आणि दारावर मराठी पाटी लावायची आहे. समितीतल्या एकांनी 'वर्तुळध्वनी कक्ष' सुचवलं, दुसऱ्यांनी 'डॉल्बी रूम'. 'परिसरध्वनी' हाही शब्द निघाला होता, पण तो प्रदूषणाच्या अहवालातला वाटतो म्हणून मागे पडला. यातला बरोबर कोणता, आणि यंत्राच्या मेनूत 'पीसीएम' आणि 'बिटस्ट्रीम' असे दोन पर्याय दिसतात ते काय, असं विचारलं आहे.

'डॉल्बी' आधी निकालात काढतो, कारण या शब्दाचे हाल आता ऐकवत नाहीत. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात आणि वर्तमानपत्रं 'डॉल्बीचा दणदणाट' बिनदिक्कत छापतात. ठाण्यात त्याच भिंतीला 'डीजे' म्हणण्याची पद्धत जास्त, पण तिकडचा शब्द इथेही कानावर येतोच. डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. केंब्रिजमधून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट घेतल्यावर दोन वर्षं ते संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून चक्क भारतात होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये प्रयोगशाळा काढली आणि पहिली वस्तू बनवली ती खरखर कमी करण्याची! टेपवर संगीताच्या मागे सतत एक 'स्स्स' ऐकू यायचा. डॉल्बींची युक्ती अशी की मुद्रण करताना हळू आवाज मुद्दाम चढवून टेपवर उतरवायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. ते खाली येताना टेपची खरखरही सोबत खाली जाते. जुन्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी एनआर' असं बटण असायचं, ते एनआर म्हणजे नॉइज रिडक्शन. ज्या माणसानं गोंगाट पुसण्याचा उद्योग उभा केला त्याचंच नाव गोंगाटाला चिकटवणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि छापणाऱ्यांना तो कळायला हवा. होम थिएटरपुरतं म्हणाल तर डॉल्बी डिजिटल ही ध्वनी आकड्यांत बांधून पाठवण्याची एक पद्धत आहे. डीटीएस ही दुसरी, वेगळ्या कंपनीची. तुमच्या खोलीत उद्या डीटीएसची डिस्क लागली तर 'डॉल्बी रूम' ही पाटी खोटी ठरेल. सोडून द्या.

आता 'वर्तुळध्वनी'. हा शब्द सुचवणाऱ्यांनी 'सराउंड'मध्ये 'राउंड' ऐकला, म्हणजे गोल, म्हणजे वर्तुळ. ही चूक नवी नाही. इंग्रजांनी स्वतः ती चारेकशे वर्षांपूर्वी केली आणि तिच्यामुळेच शब्दाचा अर्थ बदलला. पण मूळ पाहा. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'सुपेरउंदारे' असं क्रियापद होतं. 'सुपेर' म्हणजे वर, आपल्या 'उपरि'चा सख्खा भाऊ. 'उंदा' म्हणजे लाट. वरून लाट जाणं, काठ सोडून वाहणं. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं तेव्हा 'सराउंड'चा अर्थ पाण्याखाली बुडवणं असाच होता. नदीनं गिळलेल्या शेताला 'सराउंडेड' म्हणत. पुढे 'राउंड'शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे लोकांच्या डोक्यात गोलाई शिरली आणि पुराचं पाणी जाऊन नुसता वेढा उरला. आपल्या मराठीत 'डोक्यावरून पाणी जाणे' म्हणतात ना, 'सुपेरउंदारे' अक्षरशः तेच.

आणि ही 'उंदा' परकी मुळीच नाही. संस्कृतात 'उन्द्' म्हणजे ओलं करणे. 'उदक' याच घरातलं, 'समुद्र' याच घरातला, पाण्यात शिजलेला भात तो 'ओदन' तोही इथलाच, आणि इंग्रजी 'वॉटर', 'वेट' हेही. म्हणजे 'सराउंड' आणि 'समुद्र' चुलतभाऊ ठरतात! इतकं सुंदर नातं समोर असताना भूमितीच्या पेटीतलं वर्तुळ काढून दारावर का लावायचं? शिवाय वर्तुळ सपाट असतं. २०१२ साली डॉल्बी ॲटमॉस आल्यापासून ध्वनी छतावरूनही येतो. ५.१.२ असं लिहिलेलं दिसतं त्यातला शेवटचा २ हा वरच्या स्पीकरांचा. वर्तुळाला वरची बाजूच नाही, पुराला आहे.

यावर एक अभियंते मित्र सांगतात की आंतरराष्ट्रीय शिफारशीतली मांडणी पाहा, सगळे स्पीकर श्रोत्यापासून सारख्या अंतरावर म्हणजे वर्तुळावरच ठेवायला सांगितले आहेत: पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, बाजूचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. मांडणीबद्दल ते बरोबर आहेत. पण पाटी लाकडी डब्यांच्या मांडणीची आहे की कानाला जे होतं त्याची? खुर्च्या ओळीत मांडल्या म्हणून नाटकाला कोणी 'रांगनाट्य' म्हणत नाही. ते १२० अंश मात्र जरूर लक्षात ठेवा. बाजूचे स्पीकर थेट पाठीमागच्या भिंतीवर, सोफ्याच्या मागे टांगण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती चुकीची आहे.

'भोवनाद' आणि 'भोवताली ध्वनी' असेही शब्द काही हौशी मंडळी रेटतात. 'भोवणे' हे 'भ्रम्'वरून आलेलं, गरगर फिरणं. भोवरा फिरतो, भोवळ येते ती फिरल्यावर. ध्वनी श्रोत्याभोवती गरगरत नसतो. प्रत्येक बाजूनं आपापला येतो. हेलिकॉप्टरचं दृश्य दाखवून दुकानदार तो फिरवतात, तेवढ्यापुरतं ठीक.

उरला 'परिसरध्वनी', ज्याला समितीनं बाजूला सारलं. तोच नेमका आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 'परिसर' म्हणजे परि अधिक 'सृ'. 'सृ' म्हणजे सरणे, वाहणे. 'सरिता' यातून आली. परि-सृ म्हणजे चोहीकडून वाहणं. लॅटिननं लाट घेतली, संस्कृतनं प्रवाह घेतला. धातू वेगळे, चित्र एकच: माणूस मध्ये आणि पाणी सगळीकडून. एका भाषेतला शब्द न पाहता दुसरीत असा जुळून यावा, याहून मोठा आनंद शब्दांच्या वाटेवर मिळत नाही.

या 'सृ'चा मराठीतला संसार मोठा आहे. 'सरणे' त्यातलं, 'पसरणे' म्हणजे प्र-सृ, आणि पूर 'ओसरतो' तोही याच धातूनं. एक मात्र बजावून सांगतो, 'विसरणे' यात घुसडू नका, ते 'स्मृ'चं आहे, वि-स्मृ. लोक यमक जुळलं की गोत्र जुळवतात. आणि पावसाची 'सर'? माझं ठाम मत आहे की तीही याच कुळातली. सर येते ती एका जागी कोसळत बसत नाही, सरत जाते. जुलैत येऊरच्या डोंगराकडून सर निघाली की आधी घोडबंदरच्या इमारतींवर वाजते, मग पुढे सरकते, आणि थोड्या वेळानं नौपाड्यात लोक छत्र्या उघडतात. ज्यांना ही सर 'सरसर' या आवाजावरून आलेली वाटते त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. आवाजावरून शब्द झाला असता तर भुरभुर पडणाऱ्या पावसालाही सर म्हटलं असतं. आपण तसं म्हणत नाही. सरीला सुरुवात असते, शेवट असतो, दिशा असते. ते सगळं 'सृ'मध्ये आहे, 'सरसर'मध्ये नाही.

'परिसर' म्हटलं की नौपाडा परिसर, वाशी परिसर, असं पत्त्यातलं काहीतरी आठवतं आणि ध्वनिप्रदूषणाची ५५ डेसिबलची मर्यादा आठवते, हा समितीचा आक्षेप. तो संदर्भाचा आक्षेप आहे, शब्दाचा नाही. 'केंद्र' म्हटल्यावर कोणाला दिल्ली आठवते, कोणाला लसीकरण. म्हणून वर्तुळाच्या मध्याला दुसरा शब्द शोधत नाहीत.

'उंदा'ची आणखी दोन मुलं इंग्रजीत आहेत आणि त्यातल्या एकामुळे तुमच्या मेनूचाही उलगडा होतो. 'अबंडंट' म्हणजे भरून वाहणारं. 'रिडंडंट' म्हणजे उलटून, पुन्हा वाहून आलेलं, थोडक्यात जास्तीचं. डिजिटल ध्वनीचा सगळा खटाटोप या सराउंडच्या भावंडाशी चालतो. ध्वनीची लाट सेकंदाला ४८,००० वेळा मोजायची, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं, ते आकडे न बांधता तसेच पाठवायचे, याचं नाव पीसीएम. सहा वाहिन्यांसाठी, म्हणजे सहा स्वतंत्र ध्वनिप्रवाहांसाठी, हे सेकंदाला ४,६०८ किलोबिट होतं. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त ४४८ मिळतात, म्हणजे साधारण दहावा हिस्सा. एवढं कुठे जातं? मोठ्या आवाजाच्या आड जे बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाहीत ते टाकून दिलेले असतात. ब्लू-रेवरच्या डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धती तसं काही टाकत नाहीत. त्या फक्त रिडंडंट तेवढं आवळतात आणि उघडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे परत देतात. 'कॉम्प्रेस्ड म्हणजे खराब' असं सरसकट बोलणाऱ्यांनी हा फरक शिकून घ्यावा.

मेनूत 'बिटस्ट्रीम' निवडलं की प्लेअर बांधलेलं गाठोडं न उघडता रिसीव्हरकडे, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राकडे, देतो. 'पीसीएम' निवडलं की प्लेअर स्वतः उघडून आकडे पाठवतो. ॲटमॉस हवं असेल तर बिटस्ट्रीम. जोडणी ऑप्टिकल वायरीनं असेल तरीही बिटस्ट्रीमच, कारण त्या वायरीतून पीसीएमच्या दोनच वाहिन्या जातात आणि बाकीचे स्पीकर नुसते टांगलेले राहतात.

तुमच्या खोलीसारख्या मांडणीला '५.१' म्हणतात. त्यातला .१ हा स्पीकरचा तुकडा नव्हे, ही खोल बासाची वेगळी वाहिनी आहे. बाकी वाहिन्या सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत जातात, ही १२० हर्ट्झला थांबते. हिशेब केला तर .००६ भरतो, पण १९८७ साली ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांनी बोलायला सुटसुटीत म्हणून .१ सुचवलं आणि तेच टिकलं. 'सबवूफर म्हणजेच पॉइंट वन' हेही अर्धंच खरं. सबवूफर हा डबा आहे, त्यात या वाहिनीबरोबर लहान स्पीकरांना न झेपणारा बासही वळवलेला असतो.

'स्टीरिओ'चंही बोलून टाकतो, कारण पाटीच्या वादात कोणीतरी 'द्विध्वनी' काढणारच. 'स्टीरिओस' हा ग्रीक शब्द, अर्थ घन, भरीव. दोनाशी त्याचा काही संबंध नाही.

पाटीवर 'परिसरध्वनी कक्ष' लिहा. 'परिसरध्वनी' एकत्र, 'नी' दीर्घ, मध्ये जागा नको. 'परिसर ध्वनी' असं तोडून रंगवलंत तर खरोखरच आसपासच्या आवाजाची नोंद ठेवणारी खोली वाटेल, आणि समितीचा आक्षेप रंगाऱ्यामुळे खरा ठरेल.