वाड्यामागे समुद्र नाही

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नाशिकहून मालवणला येतोय. दोन रात्री मुक्काम. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंना ‘रात्रीस खेळ चाले’मधला नाईकांचा वाडा बघायचाय, नवऱ्याला सिंधुदुर्ग किल्ला, मुलांना समुद्रात डुंबायचंय. एका एजंटने स्वतंत्र गाडीने एका दिवसात १४ पॉइंट दाखवतो म्हणून यादी दिलीय, ती सोबत पाठवतेय. जमेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, यादी वाचली. सकाळी किल्ला, मग स्कूबा, देवबाग, त्सुनामी आयलंड, भोगवे, निवती, वेंगुर्ले, शिरोडा, रेडीचा गणपती, परत वर सावंतवाडी, वाडा, आणि रात्री मालवण. काचेतून बघायचे तर १४ काय, ४० पण होतील. खाली उतरायचं असेल तर यातले चार धरा. पाचवा मिळाला तर नफा समजा.

मी कुडाळची. आमच्या घरच्या दोन गाड्या, त्यातली एक मी चालवते. शूटिंगची युनिटं इकडे उतरली की माणसं ने-आण करायचं काम येतं, त्यामुळे पडद्यावरचं कोकण कसं जुळवतात ते थोडंफार बघितलेलं आहे. तुमच्या सासूबाईंना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर तिथे जाऊन चेहरा पडेल. वाड्यामागे समुद्र नाही. वाडा आकेरीत आहे, कुडाळहून सावंतवाडीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला. तिथून वेंगुर्ल्याचा किनारा पंचवीसेक किलोमीटर लांब. मालिका २०१६ साली सुरू झाली, पुढे २०१९ आणि २०२१ला तिची आणखी दोन पर्वं आली, आणि एवढ्या वर्षांत बघणाऱ्यांच्या डोक्यात वाडा, माड आणि लाटा एकाच कुंपणात जाऊन बसल्यात. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की पहिलं विचारतं, ‘बीच कुठाय?’

असं का करतात, तेही सांगते. लाटांजवळ संवाद घ्यायचे म्हणजे आवाज टिपणाऱ्या माणसाला शिक्षाच. वारा माइकमध्ये घुसतो. लाट प्रत्येक टेकला वेगळी फुटते, मग दोन टेक जोडले की मधला सांधा कानाला कळतो. म्हणून ओटीवर बसून बोलायचं ते आतल्या गावात उरकतात, आणि समुद्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच किनाऱ्यावर जाऊन घेतात. घर एका गावचं, विहीर दुसऱ्या, देऊळ तिसऱ्या. हे कळल्यावर काही लोकांचा विरस होतो. मला तर त्यातच मजा वाटते. सासूबाईंनी मालिका बारकाईने बघितली असेल तर ‘हे दार तेच, पण ही पायरी ती नव्हे’ हा खेळ त्यांना दिवसभर पुरेल. रंगावर जाऊ नका म्हणावं. जांभ्याच्या चिऱ्यावर पावसात हिरवं शेवाळ चढतं, ते डिसेंबरपर्यंत सुकून काळं पडतं. पावसात चित्रित झालेली भिंत थंडीत ओळखू येत नाही.

वाडा खासगी मालकीचा आहे. तिकीट काढून आत जायचं ते ठिकाण नव्हे. गाडी रस्त्याला उभी करायची, फाटकातून हाक मारायची, हो म्हणाले तर जायचं, नाही म्हणाले तर बाहेरून फोटो काढून निघायचं. काही मंडळी फाटकावर उभी राहून मालिकेतल्या अण्णांना हाक मारल्यासारखी ‘अण्णानूऽऽ’ म्हणून बोंब मारतात. तसं करू नका. विचारायला सासूबाईंना पुढे पाठवा. म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून ‘जरा बघू का हो’ म्हणालं तर फारसं कोणी नाही म्हणत नाही. आकेरीतच रामेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथे अर्धा तास काढा. सावली असते, बसायला जागा असते, आणि गावाचा खरा आवाज वाड्यापेक्षा तिथे जास्त ऐकू येतो.

आता दिवस कसा लावायचा ते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे मालवणात जत्रेइतकी गर्दी. किल्ल्याच्या होड्या सुरू झाल्या की पहिल्या-दुसऱ्या होडीत बसायचं, नऊनंतर धक्क्यावर रांग वळते. सिंधुदुर्गाचं बांधकाम महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ला सुरू केलं. कुरटे बेटावरचा हा कोट, तटाची लांबी साधारण तीन किलोमीटर. सगळा तट फिरायचं मनात आणू नका, होडीवाला ठरलेल्या वेळेत परत बोलावतो. नवऱ्याला मुलांना घेऊन तटावर चढू दे. सासूबाईंनी दरवाज्यातून आत येऊन शिवराजेश्वराचं देऊळ करावं. हे देऊळ राजाराम महाराजांनी बांधलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आतच आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, याचं नवल मुलांनाही वाटतं. गुडघ्यांची खरी परीक्षा होडीत चढता-उतरताना होते. ओहोटीला होडी धक्क्यापेक्षा बरीच खाली जाते आणि पाऊल लांब टाकावं लागतं. होडीवाल्याला आधी सांगितलंत तर तो दोन्ही दंडांना धरून उतरवतो, त्यात लाजायचं कारण नाही.

किल्ल्यानंतर मालवणहून चौके, धामापूरमार्गे कुडाळकडे या. धामापूरचा तलाव वाटेतच आहे, काठावर भगवतीचं देऊळ. एजंटच्या यादीत हा नाही, कारण इथे विकायला काही नाही. मला विचाराल तर तुमच्या १४ पॉइंटांत याच्या तोडीचा एकही नाही. पाण्यात झाडं एवढी स्वच्छ उलटी दिसतात की फोटो कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नाही. तिथून कुडाळ, आकेरी, मग जेवायला सावंतवाडी. वाटेत दुपारच्या माशांसाठी फार शोधाशोध करू नका. आणि सासूबाई गुरुवार करत असतील तर ड्रायव्हरला सकाळीच सांगा, नाहीतर तो थेट त्याच्या ओळखीच्या खानावळीत नेऊन सुरमईसमोर बसवेल.

सावंतवाडीत मोती तलावाला वळसा, राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) बघायची असेल तर ती, लाकडी खेळणी घ्यायची तर चितार आळी. तासाभरात आटपा. तिथून वेंगुर्ले, आणि मुलांना जे हवंय ते तिथे सागरेश्वरच्या किनाऱ्यावर द्या. सूर्यास्त तिथेच करून परुळ्यावरून मालवण. स्कूबा, देवबाग आणि त्सुनामी आयलंड याच दिवशी नको. ते दुसऱ्या सकाळी, तारकर्लीला, वेगळं. शिरोडा आणि रेडी सोडून द्या. रेडी गोव्याच्या वेशीवर आहे, तेवढ्यासाठी अंधारात परतायचं कशाला?

किनाऱ्याची वेळ एजंटला विचारू नका, कालनिर्णयला विचारा. आमच्याकडची जुनी रीत अशी : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी सगळ्यात मागे. मिनिटं जुळणार नाहीत, पण सहलीपुरता अंदाज पक्का. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. तुम्हाला तारखा बदलता येत असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा. संध्याकाळी ऊन उतरतं तेव्हाच वाळू भरपूर उघडी पडते, मुलं लांबवर खेळतात. फक्त ते दिवस उधाणाचे. पाणी परत फिरलं की झपाट्याने येतं, म्हणून चपला आणि मोबाइल खडकावर ठेवून जाऊ नये.

गाडीबद्दल चार गोष्टी. हा सगळा फेरा सव्वाशेच्या आसपास किलोमीटर होतो. एजंट तुम्हाला ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’चा दर सांगत असेल तर तो स्वस्त वाटेल आणि संध्याकाळी जादा किलोमीटर, जादा तास लावून बिल फुगेल. पूर्ण दिवसाचा ठरावीक दर मागा, आणि त्यात डिझेल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आला का ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. किलोमीटर कुठून मोजणार, तुमच्या हॉटेलपासून की गाडीच्या घरापासून, हेही विचारा. गाडी कणकवलीहून येणार असेल तर तो येण्याजाण्याचा रस्ताही तुमच्याच माथी. होडीचं भाडं आणि जेवण वेगळं, ते सगळीकडे वेगळंच असतं. पाटी पिवळी पाहिजे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवायला परवानगी नसते, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हा अनुभव आलाय, घाटात, पावसात, आणि एजंटचा फोन बंद.

आणि ड्रायव्हर ‘वायच थांबा’ म्हणाला तर अर्धा तास धरा.

डिसेंबरात जत्रांचे दिवस असतात. वाटेतल्या कुठल्या गावात त्या रात्री दशावतार आहे का, हे ड्रायव्हरला नक्की विचारा. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. सगळं बघू नका, तासभर बघा. पेट्रोमॅक्स गेली, एलईडी आली, पण पखवाजावर राक्षस आत शिरतो तेव्हा लहान पोरं अजून आईच्या पदराआड जातात. सासूबाईंना भुताखेतांची आवड असेल, तर वाड्यापेक्षा हेच जास्त आवडेल त्यांना.

प्रश्न : मुंबईहून एका दिवसात मांडव्याला जाऊन ‘अग्निपथ’मधलं गाव आणि तो किनारा बघून परत येता येईल का? (कॉलेजचे चार मित्र, डोंबिवली)

उत्तर : मांडव्याला जाऊन येता येईल, तो किनारा दिसणार नाही. २०१२च्या चित्रपटातलं मांडवा दीवमध्ये उभं केलं होतं. तुमच्या डोळ्यांत तो चित्रपट असेल तर गुजरातकडची गाडी पकडा. पण खरं मांडवा वाईट नाही हो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडीसकट चढायचं, मांडव्याला उतरायचं, किहीम-अलिबाग करून संध्याकाळच्या बोटीने परत. रविवार टाळा, शनिवारही टाळा.

प्रश्न : माझ्याकडे छोटा ड्रोन आहे. भोगवे, निवती आणि सिंधुदुर्ग किल्ला वरून चित्रित करायचा आहे. गाडीवाले म्हणतात, काही होत नाही, उडवा. (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : गाडीवाल्याचा ड्रोन नाही, म्हणून तो म्हणतो. भोगवे आणि निवतीच्या डोक्यावरच चिपीचा विमानतळ आहे, ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल पट्टा आणि त्यापुढे बारा किलोमीटरपर्यंत पिवळा. लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही, पिवळ्यात विमानतळाच्या हवाई नियंत्रणाची परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांच्या खाली मोकळीक आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा टाक, रंग दिसेल. २५० ग्रॅम किंवा त्याखालचा ड्रोन असेल तर तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, म्हणून पट्टे लागू होत नाहीत असं समजू नको. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे, तिथे त्यांची वेगळी परवानगी.

खरं सांगू का, निवतीच्या किल्ल्यावर चढलास की भोगव्याचा अख्खा किनारा पायाखाली दिसतो. हातातल्या फोनने घे. सकाळी जा, ऊन पाठीमागून येतं. संध्याकाळी समुद्राकडे कॅमेरा धरलास तर सगळं काळं येईल.

प्रश्न : आम्हाला गर्दी नको. जुलैत येऊन हीच सहल करता येईल का? (निवृत्त दांपत्य, पुणे)

उत्तर : आकेरी, धामापूर, सावंतवाडी, हे जुलैतच बघावं. सगळं हिरवं, वाडे खरोखर भुताटकीचे दिसतात. पण किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद, स्कूबा बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा ताज्या सुरमईची आशा धरू नका. सुका बांगडा, खाडीतले मासे, तिसऱ्या (शिंपल्या), यावर भागवा. पाण्यात उतरायचं नाही, ओळखीचा किनारा असला तरी नाही. दिवसाला दोनच ठिकाणं ठरवा. छत्री आणू नका, इथल्या वाऱ्यात ती उलटी होते. रेनकोट आणा आणि दोन जादा टॉवेल, गाडीत बसण्याआधी अंगाखाली घालायला. सीटा भिजल्या की त्या चार दिवस वाळत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक मला बोलतं.