फॉस्फीन? अहो, काजवे म्हणा!

प्रश्न असा आहे: बायॉनिक डोळा (दृष्टिपटलाला विजेनं चेतवणारं उपकरण) बसवलेल्या माणसाला जग कसं दिसत असेल, ते डोळस माणसाला पडद्यावर दाखवतात. त्याला 'आभासी दृष्टी' म्हणावं का? आणि त्यात चमकणाऱ्या उजेडाला, म्हणजे 'फॉस्फीन'ला, मराठी शब्द कोणता?

'आभासी' नको. चलन आभासी, वर्ग आभासी, आता दृष्टीही! नसलेलं असल्यासारखं वाटतं तो आभास. बायॉनिक डोळ्यात तर खरी वीज खऱ्या दृष्टिपटलाला डिवचते आहे.

फॉस्फीनचं कुणीतरी 'स्फुरदबिंदू' केलेलं वाचलं आणि कपाळावर हात मारला. ग्रीक 'फॉस' म्हणजे उजेड, तो फॉस्फीन आणि फॉस्फरस (म्हणजे स्फुरद) दोन्हीकडे आहे हे कबूल. पण म्हणून डोळ्यात खत घालायचं? बरं, नुसतं 'फॉस्फीन' ठेवावं तर त्याच अक्षरांचा एक विषारी वायू आहे.

बाहेरून प्रकाश न येता दिसलेला उजेड, एवढाच त्याचा अर्थ. कानाखाली बसली की डोळ्यांपुढे काय चमकतं? काजवे! अंधारात डोळा मिटा, पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोटानं अलगद दाबा. नाकाच्या बाजूला उजेडाचं कडं उमटेल. तोही काजवाच. बायॉनिक डोळ्यात बोटाच्या जागी वीज असते, इतकंच.

आणि व्युत्पत्ती तर बघा. संस्कृत खद्योत, प्राकृत खज्जोअ, मराठी काजवा. (काजळाशी नातं लावणारे अधूनमधून भेटतात. दोन अक्षरं जुळली म्हणून सोयरीक होत नाही.) खद्योत म्हणजे 'ख'मधला उजेड. 'ख' म्हणजे आकाश, एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. पण 'ख' म्हणजे छिद्रही आणि इंद्रियही. कठोपनिषदातलं 'पराञ्चि खानि' आठवा. भागवतात पुरंजन राजाच्या नगरीला (म्हणजे शरीराला) नऊ दारं आहेत, त्यांत डोळ्यांची दोन: खद्योता आणि आविर्मुखी! माझं म्हणणं असं की डोळ्याच्या भोकातला उजेड हा अर्थही या शब्दात बसतो. एका व्याकरणवाल्या स्नेह्यांनी याला 'ओढाताण' म्हटलं. भागवतातलं ते दार ढकलून पाहायचे कष्ट त्यांनी घेतलेले नाहीत.

'ठिपके' किंवा 'पिक्सेल' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. आर्गस-२ या बायॉनिक डोळ्यात वीज सोडणारे ६० इलेक्ट्रोड, सहा ओळींत दहा-दहा. पडद्यावरच्या साध्या नकलेत साठ गोल ठिपके शिस्तीत मांडून मोकळे होतात. प्रत्यक्षात वीज शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूंनाही चेतवते, मग ठिपक्याची वाकडी रेघ होते, आणि ती विरतेही. उडता काजवा रेघ ओढून विझतो, अगदी तशी. पल्स-टू-पर्सेप्ट नावाचं सॉफ्टवेअर या रेघाही काढून दाखवतं. अशा डोळ्याला उघडं दार म्हणजे अंधारात काजव्यांची एक उभी रांग. कॅमेरा चष्म्यावर असतो, त्यामुळे ती रांग चाचपायला बुबुळं फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. दाखवण्याच्या त्या तंत्राला 'कृत्रिम दृष्टीची नक्कल' म्हणा. 'नक्कल' हलका वाटत असेल तर 'अनुकृती'. आणि अनेकवचन काजवे. 'फॉस्फीन्स' लिहून पाठवू नका.