आतली बाजू

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कवळीच्या पहिल्या पूर्ण सेटचे तिन्ही फोटो मिळाले. दातांची ओळ छान बसली आहे, हिरडीचं कोरीव काम नाजूक झालंय आणि चकाकी अशी की खोलीतला दिवा तिच्यात दिसतोय. मला फार आनंद झाला. पण एक तक्रार आहे. तिन्ही फोटो समोरून काढलेले आहेत, कवळी उलटी करून एकही नाही.

समोरची बाजू सगळेच बघतात. डॉक्टर बघतात, पेशंट आरशात बघतो, घरची माणसं बघतात. टाळूवर आणि हिरडीवर टेकते ती आतली बाजू मात्र फक्त तोंडाला कळते, आणि कवळी तोंडात राहणार की डबीत, हे तीच ठरवते. बाहेर काही चुकलं तर घासता येतं, पुन्हा गुळगुळीत करता येतं. आतून तसं काही करायचं नसतं. तिथे प्युमिसची घासायची भुकटी नाही, पॉलिश नाही, आणि एखादा दाणा उडवण्यापलीकडे बर, म्हणजे कोरायचं फिरतं पातं, फिरवणं तर नाहीच. मॉडेल, म्हणजे तोंडाची प्लास्टरची प्रतिकृती, ओतलं त्या घडीपासून ती बाजू बनत येते आणि फ्लास्क, म्हणजे कवळी घडवायची धातूची पेटी, उघडल्यावर जशी हाती पडते तशीच पेशंटकडे जाते. म्हणून हे पत्र तिच्याबद्दल.

आपल्याला पेशंट भेटत नाही, माप भेटतं, म्हणजे त्याच्या तोंडाचा उलटा ठसा. ते निर्जंतुक करून झालं की ओतण्याआधी उजेडात धरून नीट वाच. ओठाला आणि गालाला हिरडीशी जोडणाऱ्या शिरा कुठे आहेत, कडा कुठे गोल आहेत, टाळूची मागची हद्द कुठे संपते. अल्जिनेटचं, म्हणजे पाण्यात कालवून घेतात ते मऊ माप असेल तर 10-15 मिनिटांत ओत. ते उघडं राहिलं तर पाणी सोडून आकसतं आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं. दोन्हीत कवळी दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडाची होते.

स्टोन, म्हणजे मॉडेलचं कडक प्लास्टर, अंदाजाने कालवू नकोस. 100 ग्रॅम पावडरला 28 ते 30 मिलिलिटर पाणी, मोजून. पातळ केलं की ओतायला सोपं जातं खरं, पण मॉडेल भुसभुशीत होतं आणि पॅकिंगच्या (फ्लास्कमध्ये कवळीचं प्लास्टिक दाबून भरण्याच्या) दाबाखाली नेमकी टाळूवरची बारीक रेघ आणि कडांची धार झिजते. मापाच्या एका टोकाला थोडा थोडा स्टोन टाकत, व्हायब्रेटरवर त्याला आपोआप वाहू दे. बुडबुडे कुठे राहतात यावर काय बिघडतं ते अवलंबून असतं. मापातच पोकळी राहिली असेल तर मॉडेलवर फोड येतो. तो जपून खरवडून काढता येतो. पण ओतताना हवा अडकली तर मॉडेलला खड्डा पडतो, त्या खड्ड्यात कवळीचं प्लास्टिक म्हणजे अ‍ॅक्रिलिक भरतं आणि कवळीच्या आत मोहरीएवढा दाणा उभा राहतो. त्या मोहरीवर माणूस दिवसातून तीन वेळा चावतो, हे डोळ्यांपुढे आण.

कडांबद्दल तर मी हट्टीच आहे. मास्टर मॉडेल, म्हणजे ज्यावर कवळी बनते ते, ओतताना मापाच्या कडेने मेणाची दोरी आणि भोवती मेणाची भिंत लाव, म्हणजे कडेची खोली आणि रुंदी दोन्ही मॉडेलवर उतरतात. मॉडेल घासायच्या ट्रिमरवर धरताना त्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर जागा राहू दे. आणि मॉडेल भिजवायचं असेल तर नळाखाली धरू नकोस. स्टोनमधलं जिप्सम साध्या पाण्यात हळूहळू विरघळतं, पृष्ठभाग खाल्ला जातो. मॉडेलचेच तुकडे टाकून मुरवलेलं पाणी एका भांड्यात कायम ठेव आणि त्यात भिजव.

दात लावण्याबद्दल तुला फार सांगायची गरज दिसत नाही. वरचे मधले दात पटाशीमागच्या गाठीच्या 8 ते 10 मिलिमीटर पुढे, त्यांच्या शेजारचे दात चावण्याच्या पातळीपासून किंचित वर, सुळे पातळीला टेकलेले, हे तू पाळलं आहेस. खालच्या दाढा मात्र हिरडीच्या माथ्यावरच ठेव. जागा भरल्यासारखी दिसावी म्हणून त्या गालाकडे सरकवल्या की चावताना कवळी एका बाजूने उचलते आणि दोष आतल्या फिटिंगला लागतो. वॅक्सिंग करताना, म्हणजे मेणात हिरडी घडवताना, जाडी जवळपास 2 मिलिमीटर सगळीकडे सारखी राहू दे, आणि मेणाची कड मॉडेलला गरम सुरीने पूर्ण चिकटव. फट राहिली तर फ्लास्किंगच्या वेळी, म्हणजे फ्लास्कमध्ये प्लास्टर ओतताना, तिच्यातून प्लास्टर आत शिरतं.

डीवॅक्सिंगला, म्हणजे मेण काढायला, फ्लास्क उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं पुरे. मेण मऊ होऊन एकसंध निघायला हवं. वितळून प्लास्टरमध्ये मुरलं तर काढणं कठीण. मग साबणाचं उकळतं पाणी, मग स्वच्छ उकळतं पाणी, दातांच्या तळापर्यंत. मेणाचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही, पण तिथे सेपरेटिंग मीडियम, म्हणजे कवळी प्लास्टरला चिकटू नये म्हणून लावायचा थर, धरत नाही आणि दातही अ‍ॅक्रिलिकला धरत नाहीत. मॉडेल कोमट असतानाच मीडियमचे दोन पातळ हात दे. दातांवर थेंबही नको, पडला तर पुसून काढ. आणि मॉडेलवर एक कोपराही सुटायला नको. सुटलेल्या जागी अ‍ॅक्रिलिक प्लास्टरशी एकजीव होतं, मग ते खरवडावं लागतं. आतल्या बाजूला खरवडणं म्हणजे फिटिंग गेलीच.

कवळीच्या प्लास्टिकची पावडर तीन भाग, मोनोमर म्हणजे तिच्यात मिसळायचा द्रव एक भाग, आकारमानाने. हे प्रमाण का, हे तुला कुणी सांगितलंय का? नुसतं मोनोमर घट्ट झालं तर आकारमानात सुमारे 21 टक्के आकसतं. आधीच पॉलिमर झालेली, म्हणजे जुळून घट्ट झालेली पावडर तीन भाग मिसळली की आकसणं 6-7 टक्क्यांवर येतं. लवकर कालवलं जावं म्हणून हात सैल सोडून जास्त मोनोमर ओतणारे मी खूप पाहिलेत. तो जास्तीचा प्रत्येक थेंब टाळूपाशी फट बनून परत येतो.

कालवून झाकण लाव आणि थांब. आधी ते ओल्या वाळूसारखं असतं, मग चिकट होऊन तार सुटते, मग गोळा होतो, मग रबरासारखं ताणलं की मागे जातं. पॅकिंग फक्त गोळ्याच्या अवस्थेत. भांड्याच्या कडेला चिकटत नाही, ओढलं तर तार न निघता स्वच्छ तुटतं, ती वेळ. उष्ण हवेत ही वेळ भराभर येते आणि जाते, म्हणून घड्याळापेक्षा गोळ्याकडे बघ. गोळा उघड्या हाताने मळू नकोस. घाम आणि धूळ आत जातात, आणि मोनोमर कातडीत जातं ते वेगळंच. साधे रबरी हातमोजे मोनोमर अडवत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नकोस. पॉलिथिनच्या कागदातून हाताळ. मोनोमरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि सहज पेट घेते. बाटली बर्नरच्या टेबलावर कधीच नको, आणि पॅकिंगच्या खोलीत हवा खेळती हवी. मी तरुणपणी या सगळ्याकडे दुर्लक्ष केलं आणि बोटांच्या टोकांना वर्षानुवर्षं भेगा घेऊन काम केलं.

दाब हळू दे. पॉलिथिन मध्ये घालून फ्लास्क बंद कर, उघड, बाहेर आलेलं काप, पुन्हा बंद कर. असं बाहेर येणं, म्हणजे फ्लॅश, थांबेपर्यंत. फ्लास्कचे दोन्ही भाग धातूला धातू टेकले नाहीत तर बाइट, म्हणजे दात मिटण्याची उंची, उंचावते. आणि गोळा कमी भरला तर आत जागोजागी पोकळ्या राहतात.

आता क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने कवळी घट्ट करणं. इथे तुला घाई होणार, कारण इथे हाताला काम नसतं.

पावडरमधला बेंझॉइल पेरॉक्साइड 60 अंशांच्या वर फुटू लागतो आणि मोनोमरच्या जोडणीची साखळी सुरू होते. ही जोडणी स्वतः उष्णता सोडते. प्लास्टर आणि अ‍ॅक्रिलिक दोघंही उष्णता सहज वाहून नेत नाहीत, त्यामुळे जिथे कवळी जाड, तिथे ती साठते. मोनोमर 100.8 अंशांना उकळतं. म्हणजे फ्लास्क सरळ उकळत्या पाण्यात टाकला तर पाणी 100 वर असताना जाड भागातलं तापमान त्याच्याही पुढे जातं, मोनोमर आतल्या आत उकळतं आणि त्याचे बुडबुडे कायमचे तिथेच राहतात. खालच्या कवळीच्या जिभेकडच्या जाड कडेत हे हमखास दिसतं. वरून चकाकी उत्तम, आत मात्र फेस. म्हणून 74 अंशांवर 8 तास किंवा त्याहून जास्त. लवकर हवं असेल तर 74 वर दीड-दोन तास आणि मग उकळीला एक तास. तो उकळीचा तास पातळ भागासाठी असतो. तिथे स्वतःची उष्णता कमी, म्हणून न जुळलेलं मोनोमर तिथे जास्त उरतं आणि तेच पुढे तोंडात आग करतं.

मग थंड करणं. याबद्दल मला एक गोष्ट लिहायचीच आहे, कारण ती माझ्या हातून घडली आहे. काम शिकून तीन वर्षं झाली होती. एका वरच्या कवळीची दुसऱ्या दिवशी सकाळी डिलिव्हरी होती. रात्री उशिरा फ्लास्क गरम पाण्यातून काढला आणि सरळ नळाखाली धरला. दहा मिनिटांत उघडला. कवळी सुंदर निघाली, पॉलिश करून पाठवली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावून पेशंटला दाखवलं. आजी होत्या. त्या बोलत होत्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जिभेने कवळी वर ढकलत होत्या. त्यांना ते कळतही नव्हतं, सवय झाली होती. मी लॅबमध्ये येऊन जपून ठेवलेल्या दुसऱ्या मॉडेलवर ती कवळी बसवली आणि खिडकीकडे धरली. टाळूच्या मागच्या कडेला मधोमध उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती.

ती रेघ का येते, तेही समजून घे. थंड होताना अ‍ॅक्रिलिक स्टोनपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. मॉडेलवर अडकलेलं असल्यामुळे त्याला हवं तसं आकसता येत नाही, तो ताण आत साठतो. बाहेरून झटकन गार आणि आतून गरम अशी अवस्था झाली की ताण आणखी वाढतो, आणि मॉडेलवरून सुटताच कवळी तो मोकळा करते. दोन्हीकडच्या कडा आत ओढल्या जातात आणि टाळूचा मधला भाग उचलला जातो. हवाबंद पकड नेमकी तिथेच लागते. म्हणून फ्लास्क पाण्यातून काढून टेबलावर निदान अर्धा तास, मग गार पाण्यात पंधरा मिनिटं, मग उघड. मी स्वतः रात्रभर ठेवते. आजींची कवळी मी नवीन करून दिली, पण त्यांनी आठ दिवस जीभ टेकवून काढलेले शब्द मला अजून ऐकू येतात.

उघडताना हातोडा नको. प्लास्टर करवतीने कापून तुकड्या-तुकड्याने काढ आणि कवळी मॉडेलसकट बाहेर घे. तशीच ती आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या यंत्रावर, परत बसवून बाइट तपास. पॅकिंगमध्ये थोडी तरी वाढलेली असतेच, ती इथे कमी कर, डॉक्टरांच्या खुर्चीवर ढकलू नकोस. मॉडेल काढल्यावर आतल्या बाजूवरून आधी कापसाचा बोळा फिरव आणि मग बोट. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे दाणा आहे. तेवढाच दाणा लहान बरने उडव, आजूबाजूला हात लावू नकोस. कडा पॉलिश करायच्या पण लहान करायच्या नाहीत. डॉक्टरांनी त्या मापात घडवलेल्या असतात. प्युमिस ओलं ठेव, चाक एका जागी दाबू नकोस. गरम झालेली कवळी पॉलिशच्या चाकावरही वाकते, आणि क्युअरिंगला दिलेले आठ तास आठ सेकंदांत वाया जातात. नव्या कामाचं आणि तोंडातून दुरुस्तीला आलेल्या कवळ्यांचं प्युमिस वेगवेगळं. पॉलिश करताना मास्क हवाच, ती धूळ छातीत बसते.

तयार कवळी कोरडी ठेवू नकोस. देईपर्यंत एक-दोन दिवस पाण्यात राहू दे. उरलेलं मोनोमर थोडं बाहेर येतं, आणि अ‍ॅक्रिलिक पाणी शोषून किंचित फुगतं, त्यामुळे आकसण्याची थोडी भरपाई होते.

पुढचा सेट मॉडेलसकट फ्लास्कमधून निघाला की लगेच मॉडेल तोडू नकोस. दिवसाउजेडी खिडकीसमोर धर, टाळूची मागची कड डोळ्यांच्या पातळीला आण आणि तिथून एक फोटो काढ. मग मॉडेल काढून आतल्या बाजूचा दुसरा. चकाकीचा फोटो या खेपेला नाही पाठवलास तरी चालेल.