किलोवॅट, किलोवॅट-तास आणि आपलं युनिट

प्रश्न असा आहे: महिंद्रांच्या मालकीची ऑटोमोबिली पिनिनफारिना ही कंपनी 'बॅटिस्टा' नावाची विजेवरची हायपरकार बनवते. तिच्याबद्दल एका मराठी बातमीत '1900 अश्वशक्ती, बॅटरी 120 किलोवॅट' असं छापलं होतं, तर दुसरीत '120 किलोवॅट प्रतितास'. 1900 अश्वशक्ती म्हणजे साधारण 1400 किलोवॅट. मग 120 किलोवॅटच्या बॅटरीतून 1400 किलोवॅट निघतात कसे? आणि दोन्हींतलं बरोबर कुठलं?

बरोबर दोन्ही नाहीत. हवा तो शब्द 'किलोवॅट-तास'.

'प्रति' आला की भागाकार आला. किलोमीटरला तासाने भागतो, म्हणून 'किलोमीटर प्रतितास'. किलोवॅट-तासात मात्र गुणाकार आहे. रोजगार हमीच्या कामाचा हिशोब आठवा: दहा जण आठ दिवस राबले की 80 मनुष्यदिवस भरतात. त्याला 'माणसे प्रतिदिवस' कुणी म्हणत नाही. किलोवॅट-तास हा त्याच घडणीचा शब्द आहे. शिवाय वॅट म्हणजेच सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा. 'दर'चा अर्थ त्याच्या पोटात आधीच आहे, त्याला वर 'प्रतितास' कशाला?

आणि खरं तर यासाठी आपल्याकडे घरोघरी रुळलेला शब्द आहे, 'युनिट'. एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जळतं. महावितरणचं बिल काढून बघा. 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये असतो, वापर युनिटमध्ये. एकाच कागदावर दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्यांची गल्लत आपण कधी करत नाही. गाड्यांच्या बातम्यांत ती होते, कारण तिथे दोन्हींना 'क्षमता' म्हणतात: मोटरचीही क्षमता, बॅटरीचीही क्षमता. माझ्या मते घोळाचं मूळ या एका शब्दात आहे. क्रियापद नेमकं वापरलं की तो सुटतो. बॅटरीत 120 युनिट वीज मावते. मोटरी 1400 किलोवॅट शक्ती देतात.

आता कोडं उरतच नाही. 1400 किलोवॅटच्या दराने 120 युनिट उपसली तर बॅटरी जेमतेम पाच मिनिटं पुरेल. रस्त्यावर इतका जोर काही सेकंदच लागतो, म्हणून गाडी प्रत्यक्षात शेकडो किलोमीटर जाते.

तरी पाच मिनिटांत रिती होऊ शकणारी बॅटरी बनवणं हीच या गाड्यांची खरी करामत. बॅटिस्टाची बॅटरी क्रोएशियाच्या रिमाक कंपनीच्या तंत्राची. त्याच कंपनीच्या 'नेवेरा' या गाडीच्या बॅटरीत 6960 सेल आहेत. (सेलला पाठ्यपुस्तकात 'विद्युत घट' म्हणतात, घड्याळात मात्र आपण सेलच घालतो.) प्रत्येक सेलला आतून थोडा रोध असतो आणि प्रवाह दुप्पट झाला की त्या रोधात उष्णता चौपट होते. म्हणून असे सेल कमी रोधाचे निवडतात आणि द्रव खेळवून त्यांना सतत थंड ठेवतात. विजेवरच्या साध्या गाडीच्या बॅटरीतही 120 युनिट मावतील, पण ती इतक्या झपाट्याने बाहेर काढता येणार नाहीत.

तेव्हा बातमीतलं वाक्य असं हवं होतं: 'बॅटिस्टाच्या बॅटरीत 120 युनिट वीज साठते आणि तिच्या चार मोटरी मिळून 1900 अश्वशक्ती देतात.'